दुधाचा पेला आणि लाल गोळी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. मुरुडला कस्तुराबाईंच्या घरी राहतो. लातूरच्या दुकानात मशीननं माझ्या पोटावर त्यांचं नाव घातलं आणि त्यांच्या लग्नाच्या रुखवतात मी मांडला गेलो. माझा काठ एका जागी चेपला आहे, पण मी गळत नाही. माझं कौतुक म्हणाल तर एवढंच.

पुढे घरात काचेचे ग्लास आले आणि माझी रवानगी माठामागे झाली. सून शिल्पा हिला दिवस गेले, तेव्हा कस्तुराबाईंनी मला राखेनं लख्ख घासून बाहेर काढलं.

शिल्पाच्या अंगात रक्त कमी होतं. भाकरी थापतानाही तिला धाप लागे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल आणि कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या.

"लाल गोळी लई गरम असती," कस्तुराबाई म्हणाल्या. "दुधासंगं घे. दोन्ही एकदमच गीळ, म्हंजी विसरायचं भेव न्हाई."

रोज मी काठोकाठ दुधानं भरू लागलो. मला भारी ऐट आली होती. रक्त मात्र वाढेना.

"फुकटच्या गोळीत दम न्हाई," म्हणत शिल्पाच्या नवऱ्यानं, सुदर्शननं, लातूरहून महागडी लोहाची गोळी आणली. तीही दुधासोबतच पोटात गेली. रक्त होतं तिथंच राहिलं. आता वाढलं नाही तर लातूरला नेऊन रक्त चढवावं लागेल, बाळंतपण जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सारं घर धास्तावलं.

मग सरकारी दवाखान्यातल्या पंचशीला सिस्टर घरी आल्या. "गोळी माझ्यापुढं घे बघू," त्या शिल्पाला म्हणाल्या. कस्तुराबाईंनी सवयीनं माझ्यात दूध ओतलं.

"थांबा मावशी! दूध आन् ही पांढरी गोळी, दोन्ही लोहाला नीट अंगी लागू देत न्हाईत. चहाबी तसाच. गोळी महाग असू द्या न्हाईतर फुकटची, तिचं तेच व्हणार. लाल गोळी लिंबाच्या पाण्यासंगं द्या, लोह अंगात जास्ती उतरतं. पांढरी दुसऱ्या वेळी, जेवणासंगं."

कस्तुराबाईंनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजी मीच पोरीच्या तोंडचं काढून घेतलं की!"

त्यांच्या मायेत खोट नव्हती. मला ते ठाऊक होतं, पण पेल्याला कुठं बोलता येतं? शिल्पानं माझ्यातलं दूध पातेल्यात ओतलं, मला विसळलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"आत्याबाई, लिंबू पिळा."

हळूहळू रक्त वाढलं. लातूरला जावं लागलं नाही. मुरुडलाच शिल्पाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. गोळ्या अजून चालू आहेत, आणि लिंबू कस्तुराबाईच पिळतात.

मित्रांनो, मला रोज घासून ठेवा, चेपलो म्हणून टाकू नका. आणि घरात कुणी गोळी घ्यायला बसलं, की आधी माझ्यात काय ओतलंय ते डोकावून बघा. मला सांगता येत नाही, तुम्हाला विचारता येतं.