चमचाभर झोप

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात सकाळची अर्धी पाळी खास लेकुरवाळ्या बायकांसाठी ठेवलेली होती. बायकांची केवढी सोय केली, असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचा. पाळी सुटायची एकला आणि नाक्यावरची नर्सरी मुलं बाहेर काढायची बाराला. मधल्या तासात त्या जिवांनी जायचं कुठे, हा प्रश्न मालकाला पडला नाही, नर्सरीच्या बाईंना पडला नाही आणि घरच्या पुरुषांना तर नाहीच नाही. पडला तो फक्त आयांना. त्यांनी त्याचं जे उत्तर काढलं होतं, ते सांगतानाही जीभ विटते.

शर्टांना काजं करणारी एका घरची धाकटी सून रोज चहाच्या सुट्टीत धावत नर्सरीत जायची आणि तीन वर्षांच्या चिमीला कडेवर मारून परत यायची. नर्सरीच्या फाटकासमोरच एक बाक होता आणि त्या बाकावर तिचे सासरे मित्रांबरोबर पत्ते कुटत बसलेले असायचे. सून घाम पुसत पुढून गेली की ते हातातल्या पानांत डोकं घालायचे. फाटकाशी बायकांच्या घोळक्यात पुरुषाने उभं राहायचं? छे! त्यापेक्षा नाक कापून घेतलेलं बरं, अशी त्या गल्लीची रीत. नवरा त्याच माळेचा मणी. संध्याकाळच्या कामावर जाईपर्यंत मोबाइल छातीवर ठेवून लोळायचा.

कारखान्यात मुलं आणायला मालकाची ना नव्हती. मूल दिसलं तर चालेल, ऐकू येता कामा नये, एवढीच त्याची अट. म्हणून कापडाचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत मुलांना निजवायचं, आणि निजावीत म्हणून सर्दीचं गुंगीचं औषध चमचाभर पाजायचं. जुन्या बायका नवीला सुई ओवायला शिकवाव्यात तितक्या सहज हे शिकवायच्या. काही होत नाही गं, आमची नाही का वाढली, म्हणायच्या. पहिल्या दिवशी धाकटीने चमचा दोनदा खाली ठेवला होता. पुढे तिलाही सवय झाली. माणूस कशाकशाला सरावतो, शी!

एके सकाळी चिमी खोकत उठली. खोकणारं मूल नर्सरीच्या बाई दारातूनच परत पाठवत. म्हणून गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या सासूबाईंनी कुणाला न सांगता तसलंच औषध पाजून तिचा खोकला दाबला. औषधाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण त्यावर बोलायचं नाही असा जणू ठरावच झालेला. दुपारी धाकटीने नेहमीचा चमचा पाजला. पाळी सुटल्यावर ती उठवायला गेली, तर पोरीची मान लुळी पडलेली आणि ओठ निळे झालेले.

दवाखान्यात पोर वाचली. शुद्धीवर येईपर्यंत आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. मीही सकाळी पाजलं होतं, असं सासूबाई रडत म्हणाल्या, पण ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. सासरे म्हणाले, नोकरीची हाव नडली. तिच्याच पगाराचं खाऊन वर ही भाषा! नवऱ्याने विचारलं, आई आहेस की वैरीण?

धाकटीने औषधाची बाटली आणि चमचा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"नोकरी मी सोडणार नाही. उद्यापासून तुम्ही पाजा. तोंड फिरवते ती, तेव्हा गाल दाबून धरावे लागतात."

त्याने बाटलीला हात लावला नाही. तिने ती मोरीत ओतली.

चिमी बरी झाल्यावर धाकटीने नर्सरीच्या बाईंना सांगितलं, हिचे आजोबा समोरच बसतात, बाराला त्यांच्याकडे द्या. त्या दिवशी ती चहाच्या सुट्टीत जागची हलली नाही. काजं वाकडी पडत होती. बाईंनी नेलं नाही तर? सासऱ्यांनी ओळखच दाखवली नाही तर?

साडेबाराच्या सुमारास सासरे कारखान्याच्या दारात आले. कडेवर चिमी, चेहरा संतापाने लाल. बाईंनी चारचौघांत पोर त्यांच्या मांडीवर आणून बसवली होती.

"घे तुझी पोर."

"मी एकला सुटते, बाबा. तोवर ती तुमची."

चिमी कडेवरून सुळकन उतरली आणि गठ्ठ्यांच्या खोलीत पळाली. सासरे तिच्यामागे गेले आणि उंबऱ्यातच थबकले. भरदुपारी, यंत्रांच्या एवढ्या खडखडाटात, कापडाच्या गठ्ठ्यांवर मुलं ओळीने पडलेली. एकाच्या उघड्या तोंडावर माशी बसली होती. चिमी तिच्या मैत्रिणीला गदागदा हलवत होती, ऊठ ना, ऊठ ना म्हणत. ती उठेना.

"ही सगळीच अशी का निजलीत?" सासऱ्यांनी विचारलं.

मागून आलेला मालक हसला. "शहाणी आहेत हो. अजिबात त्रास नाही त्यांचा."

बाकीच्या आयांनी यंत्रं आणखी जोरात चालवली. बोलली ती धाकटीच.

"शहाणी नाहीत, बाबा. गुंगीत आहेत. यांचेही आजोबा कुठेतरी पत्ते खेळत बसलेत."

सासऱ्यांनी चिमीला उचललं. तिच्या मैत्रिणीच्या तोंडावरचे केस बाजूला करायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. मग ते नातीला घेऊन घरी गेले.

बाकीची मुलं अजून तिथेच निजली आहेत. तुमच्या गल्लीतल्या बाकावर दुपारी बाराला कोण बसतं, ते एकदा पाहून या.