एकतिसावा अध्याय

आमच्या घरी शास्त्र वाचल्याशिवाय चहा मिळत नसे. हा कायदा माझ्या सासूबाईंचा, गिरजाबाईंचा. नगर जिल्ह्यात गावोगाव फिरून बायाबापड्यांना बायबल वाचून दाखवायची मिशनची नोकरी त्यांनी उभा जन्म केली होती, आणि म्हातारपणी कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आल्या त्या काही निवृत्त व्हायला नव्हे. रोज एक अध्याय, ओळीनं, मधला एकही न गाळता. वाचून झाला की प्रत्येकानं सांगायचं, आज त्यातलं आपल्याला काय टोचलं. "शास्त्र वाचलं आन् टोचलं न्हाई, म्हंजी ते वाचलंच न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आमचे जयसिंगराव तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी यायचे तेव्हा आम्ही दोघी चटईवर तयारच असायचो. त्यांना रोज टोचायचं, पण ते नेमकं माझ्या वतीनं. मोशेची बहीण कुरकुरली की यांना माझी आठवण. लोटाची बायको मागं वळून पाहते, तिथंही मीच. एकदा वंशावळीचा अध्याय आला, नुसती नावंच नावं. म्हटलं, आज सुटले. तर हे म्हणाले, "इतकी माणसं होऊन गेली, पण एकाची तरी बायको मध्ये बोलल्याचं लिहिलंय का?"

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात पिंपरीतल्या एका औषधांच्या कंपनीतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं. काम पॅकिंगचं. मी नगरच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेली, आणि ते मॅट्रिक लग्नापासून ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होतं. त्या कंपनीतल्या बायका स्टेशनात दिसायच्या. पांढरा कोट हातावर टाकून, मोठमोठ्यानं हसत गाडीतून उतरायच्या. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. इतकं मनापासून मला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

"बघू," जयसिंगराव म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे नाहीच, फक्त समोरच्याचा राग निवायला थोडा वेळ दिलेला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आपलं वाचन चालूच हाय. काय निघतंय ते बघू की."

तेव्हा आमची बायबलातली नीतिसूत्रं चालली होती. त्यांचा शेवटचा, एकतिसावा अध्याय मला चांगला ठाऊक होता. त्यातली बाई पहाटे अंधारात उठते, स्वतः पारखून शेत घेते, कापड विणून विकते, आणि तिला कुणी 'बघू' म्हणत नाही. मी पानं चाळून हिशेब केला. तो अध्याय बरोबर मुलाखतीच्या सकाळी येत होता. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी कितीही बोलणी बसली तरी मी गप्प राहिले. तिथंच चुकलं. मी गप्प राहिले म्हणजे काहीतरी शिजतंय हे नवऱ्याला कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. त्यांनीही पानं चाळली.

दुसऱ्याच दिवशी त्यांना ओव्हरटाइम लागला. दहाला घरी आले, आणि घरातलं माणूस कमी असलं तर आमच्याकडे वाचन होत नसे. एक दिवस गेला. पुढच्या सकाळी वाचायची पाळी माझी होती. मी अध्याय संपवून दम न घेता पुढच्यात शिरले, तर सासूबाईंनी पानावर हात ठेवला. "एका दिसाला एकच. हितं काय ओव्हरटाइम न्हाई." जयसिंगराव छताचे पत्रे बघत बसले होते. चेहऱ्यावर अशी शांती, की एखाद्याला वाटावं, या माणसाला कशाचा म्हणून लोभ नाही.

मुलाखतीचा सोमवार उजाडला तो असा तिसाव्या अध्यायावर. मी इस्त्रीची साडी नेसून चटईवर बसले होते आणि आतून नुसती जळत होते. हे मात्र वेळेवर हजर. हातपाय धुऊन, भांग पाडून स्वतःच वाचायला बसले. त्या अध्यायात एक जळू आहे आणि तिच्या दोन लेकी, सारख्या 'दे, दे' करणाऱ्या. ते त्यांनी फार सावकाश वाचलं.

"मला आज जळू टोचली," पुस्तक मिटून ते म्हणाले. "एक दिलं की दुसरं मागायचं. पोट म्हणून भरायचं नाही."

"मला टोळ टोचले," मी म्हटलं. "त्याच अध्यायात आहेत. त्यांना राजा नसतो, तरी सगळे रांगेनं बाहेर पडतात. कुणाला विचारत बसत नाहीत. निघते मी. सव्वाआठची लोकल आहे."

जयसिंगरावांनी पुस्तक पुन्हा उघडलं. टोळ होते.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "पर प्रार्थना झाल्याबिगर न्हाई. जयसिंगा, हिच्यासाठी कर."

आमच्या घरी महत्त्वाच्या कामाला निघालेल्यासाठी प्रार्थना व्हायची, आणि सासूबाई आमेन म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही. आम्ही डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा," जयसिंगरावांनी सुरुवात केली, "आजच्या दिवसासाठी तुझे आभार. आज जे काही व्हायचं ते तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. येशूच्या नावानं मागतो."

सासूबाई गप्प.

"तसंच चर्चच्या पाळकसाहेबांच्या गुडघ्याला आराम दे. मंडळीला आशीर्वाद दे. येशूच्या नावानं मागतो."

गप्प. मग त्यांनी आजारी मागितले, प्रवासी मागितले, कंपनीचे मॅनेजर मागितले, अख्खा भारत देश मागितला. दर खेपेला शेवटाला येऊन थांबायचे, आणि सासूबाईंकडून हूं की चूं नाही. लांबून गाडीची शिटी ऐकू आली. गाडी स्टेशनात लागली, आणि निघून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग जयसिंगराव हळू आवाजात म्हणाले, "प्रभू, मला भीती वाटते. गेल्या टाळेबंदीत मी घरी बसलो, तेव्हा ही होती. ही समोर असली की मी बिनकामाचा झालोय असं वाटायचं नाही. आता ही जाईल. आणि पुन्हा आमच्या कंपनीला टाळं लागलं, तर मी एकटा आईबरोबर बसून काय करू?"

मी एक डोळा उघडला. सासूबाईंनीही उघडला होता.

या माणसाला इतकी वर्षं दुसऱ्यांचंच टोचत आलं होतं. आज पहिल्यांदा स्वतःचं निघालं, तेही माझी गाडी चुकवून. मला राग धरायचा होता, पण तो धरवेना.

"हिला नोकरी मिळू दे," ते म्हणाले. "आणि जमलं तर पहिली पाळी दे. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. "आता सायकल काढ."

रात्रभर मशीनवर उभा राहिलेला तो माणूस, पोटात चहाचा घोट नाही, मला कॅरिअरवर बसवून पिंपरीपर्यंत पेडल मारत गेला. कंपनीच्या गेटवर वॉचमननं माझं बोलावणं पाहून मला आत सोडलं आणि यांना हटकलं, "तुम्ही कोण? काय काम?"

"काही नाही," जयसिंगराव म्हणाले. "हिच्याबरोबर आलोय."

आणि सायकलला टेकून तिथंच उभ्या उभ्या पेंगायला लागले.