‘रिकाम्या’ झाकणामागचे चार प्रोसेसर

कर्त्या माणसाची खात्री ही जगातली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ती दोन स्टिकरांवर उभी होती, आणि त्यांतला एक सेलोटेपने धरला होता.

स्टिकर होते युनिक्स सर्व्हरच्या दोन झाकणांवर. कपाटाएवढं ते मशीन आतून दोन भागांत वाटलेलं; प्रत्येक भागाचा बोर्ड वेगळा, बोर्डावर चार-चार प्रोसेसर. ‘चालू’ भागावर कारखान्याच्या रंग ढवळणाऱ्या सगळ्या टाक्या चालत. ‘रिकामा’ दोन वर्षं नुसती गरम हवा सोडत होता. त्याचाच बोर्ड आज विकायचा होता.

गिऱ्हाईक, उल्हासनगर कॅम्प एकचा हरेश, बबल रॅप घेऊन हजर होता. संगणक विभागाचे साहेब श्यामकांत यांनी ‘रिकामा’चं झाकण उघडून बोर्डाच्या हँडलला हात घातला.

“सर, एक मिनिट,” प्राची म्हणाली. बेलवलीहून येणाऱ्या या मुलीला नोकरीला लागून पाच महिने झाले होते, कायम व्हायला एकच उरला होता. “कुठले प्रोसेसर कुठल्या भागाचे, ते मशीनलाच विचारते.”

“अगं, स्टिकरवरचं अक्षर माझं आहे!”

“पूछने दो ना साहेब,” हरेश म्हणाला. “मशीन काय चहा मागणार आहे?”

प्राचीने कमांड दिली. यादी आली. मग तिने रिकाम्या भागाच्या बोर्डावरचा, बोर्ड कुठला ते दाखवणारा दिवा लावला.

दिवा लुकलुकला. ‘चालू’ लिहिलेल्या झाकणाच्या जाळीमागे.

साहेबांचा हात हँडलवर तसाच राहिला. “म्हणजे मी आत्ता…”

“सगळ्या टाक्या बंद पाडल्या असत्या, सर. आत नऊ टन लाल रंग आहे.” प्राची म्हणाली. “आणि बोर्ड काढायच्या फॉर्मवर सही माझी आहे.”

साहेबांनी एकेक बोट सोडवत हात मागे घेतला. कपाळावरचा घाम मात्र पुसला नाही; हात हलवायचीच भीती बसली होती.

“पण स्टिकर मी स्वतः चिकटवले! झाकणं हलवली कोणी?”

“मी,” दारातून सफाईवाल्या गोजरबाई म्हणाल्या. “दसऱ्याला तुम्हीच ना बोललेले, पूजेला मशीन चकचकीत पायजे? दोन्ही काढली, साबण लावून धुतली, गच्चीवर सुकवली.”

“आणि लावताना?”

“जे आधी सुकलं ते आधी लावलं.”

दसऱ्याला चार महिने उलटले होते. प्राची स्टुलावर बसली. हरेशने बबल रॅप छातीशी धरला.

“बाप रे! आणि मी कॅम्पात सांगत फिरतो, श्यामभाईंकडे सगळं लिहिलेलं असतं.”

तिघंही लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिले.

गोजरबाईंनी बादली आत सरकवली. “तेवढे पाय वर घ्या. लादी पुसायचीय.”