वाटीतले दात

"माहे दात कोठी ठेवले वो?"

खुशालनं ओट्यावरून आरोळी ठोकली तेव्हा धुरपता घरामागच्या वाडीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. सोमवारचा बाजार, म्हणून झुंजूमुंजूलाच कामाला लागलेली. दवानं भिजलेली काळी माती चपलांना लगदालगदा चिकटत होती. जुडी बांधायची आणि सुतळी दातानं तोडायची, ही तिची लग्न होऊन आल्यापासूनची पद्धत. आज सुतळी ओढली आणि उजव्या गालात अशी कळ गेली की जुडीच हातातून सुटली.

"वाटीत हाये!" गाल दाबून धरून ती ओरडली. "रोज थ्याच जागेवर राह्यते, तरी रोज पुसता!"

"घासले का?"

"घासले!"

हे दात म्हणजे खुशालची कवळी. तोंडात स्वतःचे दात होते तोवर या गड्यानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साखरेचा आजार निघाला तेव्हाच डॉक्टरनं बजावलं होतं की हिरड्या सांभाळा, सकाळी आणि रात्री दात घासा, तोंड सडलं की साखरही आटोक्यात राहत नाही. रात्री दात घासायचे म्हटल्यावर हा पारावर बसून खो खो हसला होता. "रातच्यानं दात घासून कोनाले दाखवू? मी काय नवरदेव हाय?" धुरपता रोज जेवणं झाली की पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची आणि हा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडत तिच्यासमोरून निघून जायचा. मग हिरड्यांतून पू आला, साखर चढली, दात हलायला लागले आणि एकामागून एक गेले. त्या दिवसांत धुरपतानं त्याला पेज करून भरवली, दवाखान्याच्या खेपा घातल्या, आणि शेवटी कवळी बसली.

कवळी बसली आणि गड्याचं रूपच पालटलं. आता त्याला दात दोन्ही वेळा लख्ख लागायचे. फक्त घासायला हात धुरपताचे. कवळीसाठी वेगळा ब्रश आला. मुलगा नीरज बोरगाव मेघेला गॅरेजात कामाला होता, तो सुटीला यायचा तर त्याचाही ब्रश मोरीत टांगलेला असे. सुनेचा, उज्वलाचा, होताच. नव्हता तो एकट्या धुरपताचा, आणि ते कोणाच्या कधी ध्यानातही आलं नाही.

तिच्या कमरेला तंबाखूच्या काळ्या मंजनाची डबी असायची. ही सवय सासूची, अनुसयाबाईची. नवी नवरी निंदणाला जायची तेव्हा दुपार कलेपर्यंत पोटात काही नसायचं. सासूनं डबी पुढं केली होती. "घास पोरी. भूक मरते." भूक खरंच मेली. पुढं दात ठणकायला लागले, तर ठणकही त्यानंच मरायची. मंजन बसायचं त्या जागी गालात आतून पांढरं पडलं, आणि पोळ्यापासून तिथं जखम झाली होती. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. कोणी विचारलं तर ती मिरचीवर ढकलायची.

गुरुवारी शाळेत दातांचं शिबिर होतं. खुशाल धुवट टोपी घालून पहिल्या रांगेत. त्यानं कवळी काढून रुमालावर ठेवली तशी तरुण डॉक्टरीण खूश झाली.

"काका, इतकी स्वच्छ कवळी मी क्वचित बघते. छान निगा राखता हो!"

"आपलं काम आपनच करावं लागते, म्याडम," खुशाल बोळक्या तोंडानं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उज्वला मागं सासूजवळ उभी होती. तिला राहवलं नाही. "खोटं काऊन सांगून राह्यले, बाबा? म्याडम, ते दात आमच्या आई घासते."

हशा पिकला. खुशालनं सुनेकडं डोळे वटारले. डॉक्टरीण मात्र धुरपताकडं वळली. "मग काकू, या ना. तुमचं तोंड बघू."

"माहं काय पाह्यता? मी ठनठनीत हाय," धुरपतानं पदर तोंडाशी धरला. उज्वलानं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

तोंड पुरतं उघडेचना. जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट. डॉक्टरिणीनं बॅटरी आत धरली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"दुखतं का?"

"मंजन लावलं का नाई दुखत."

"ते मंजन आजपासून बंद. आणि सोमवारी वर्ध्याला या. तुकडा काढून तपासावा लागेल. काकू, उशीर करू नका."

घरी येताच खुशाल तडकला. "सोमवारी? अन् बाजार कोन करन? तोडलेले वांगे का माह्या डोक्शावर ओततं? तोंड आलं असन उन्हानं. गिरडच्या दर्ग्यात जाऊन साकर वाहू, होते बरं."

"तुमच्या दातापायी आई वर्ध्याले खेपा घालत होती, तवा बाजार आडवा नाई आला," उज्वला म्हणाली.

"तू मधात बोलू नको!"

"मी जातो," धुरपता म्हणाली. आवाज चढवला नाही, पण नवऱ्याकडं सरळ बघत म्हणाली. "वांगे तुमी इका. नवे दात दाखवाले तरी बसा बाजारात."

सोमवारी तुकडा काढला, टाका घातला, गालात कापूस भरला. डॉक्टरांनी उज्वलाला तेवढी बाजूला बोलावली. दाराच्या काचेतून धुरपताला सुनेची पाठ दिसत होती. मग उज्वलानं पदर डोळ्यांना लावला. तपासणीचा कागद यायचा होता, पण धुरपताला जे कळायचं ते कळलं. एसटी स्टँडवर उज्वलानं एका दुकानातून मऊ दात्यांचा लाल ब्रश घेतला आणि सासूच्या हातात दिला. "हा तुमचा. दुसऱ्या कोनाचा नाई."

दिवेलागणीला खुशाल अर्धी वांगी परत घेऊन आला, तोच तणतणत. "बाईमानसाबिगर धंदा होत नाई. समदे भाव पाडून मांगते." जेवला, कवळी काढली, वाटीत टाकली आणि सवयीनं धुरपतासमोर सरकवली. "नीट घासजो. शेंगदाना अडकला."

काय झालं, काय म्हणाले डॉक्टर, एक शब्द नाही. धुरपताच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडात कापूस होता, नाहीतर इतक्या वर्षांचं सगळं त्या संध्याकाळी बाहेर पडलं असतं. तिनं कवळीचा ब्रश उचलला, वाटीत आदळला आणि वाटी त्याच्या मांडीपाशी सरकवून दिली.

"हे काय नवीन?"

"घासा तुमचे तुमी, बाबा," उज्वला चुलीपासून म्हणाली.

खुशाल बडबडत उठला आणि वाटी घेऊन नळावर गेला. धुरपतानं कमरेची डबी सोडली, चुलीत टाकली आणि लाल ब्रश कोनाड्यात उभा केला. या घरात तिचा म्हणून आलेला पहिला ब्रश. टाका निघेपर्यंत तो तोंडात घालायचा नव्हता, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची होती. टाका निघाल्यावर पुढं काय, ते उज्वलानं अजून सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

अंगणातून खुशालचा आवाज आला. "अवो, आतल्या बाजूनं कसं घासाचं? सांग ना!"

तिला सांगता आलं असतं. पण तोंड उघडत नव्हतं.