सोमवारच्या सहा सह्या

काम नंतर, सही आधी, ही सवय आपल्याकडे कचेरीकचेरीत मुरलेली आहे. वाहतूक शाखेतल्या हवालदारबाईंचीही तीच गत. वेग मोजायचं रडारयंत्र घेऊन रस्त्यावर उभं राहण्याआधी ते रोज तपासायचं आणि मग वहीत सही करायची, असा नियम. बाई सोमवारीच आठवड्याच्या सहाही सह्या उरकून टाकत. सगळेच तसं करत होते आणि आजवर कुणी हटकलं नव्हतं.

आता हटकलं होतं. शाळेच्या एका बसचालकाने नोटिशीविरुद्ध सुनावणी मागितली होती. बाईंच्या यंत्राने त्याचा वेग अठ्ठ्याहत्तर दाखवला होता आणि तो म्हणत होता, पन्नासच्या वर गेलोच नाही. निकाल विरुद्ध गेला तर परवाना रद्द, म्हणजे बावीस वर्षांची नोकरी गेली. सुनावणी आजच अकरा वाजता होती.

"यंत्र त्या दिवशी तपासलं होतं का, एवढंच विचारतील," शाखेचे साहेब बाईंना म्हणाले. "हो म्हणायचं आणि खाली बसायचं. नाही म्हणालात, तर खोट्या सह्यांबद्दल आधी तुमच्यावर कारवाई आणि मग माझ्यावर."

 यंत्र उचलून बाईंनी दुरुस्तीवाल्या काकांची खोली गाठली.

"काका, हे बरोबर चालतं ना, तेवढं सांगा."

काकांनी पेटीतला नादकाटा, म्हणजे ठरलेल्या गतीने थरथरणारा पोलादी चिमटा, लाकडावर वाजवला आणि थरथरता तसाच यंत्रासमोर धरला. आकडा आला साठ.

"या चिमट्याला साठच यायला पाहिजे. यंत्र ठणठणीत आहे."

"सुटले बाई."

"कशा सुटलात? हे आजचं झालं. त्या दिवशीचं मला काय ठाऊक? आणि बसशेजारी दुसरी गाडी होती का?"

 एक ट्रक भरधाव बसच्या पुढे निघून गेला होता, हे बाईंना आता लख्ख आठवलं.

"अहो, रडारच्या लहरी पुढे जाताना पसरतात. लांबवरच्या दोन्ही गाड्या त्यात सापडतात, आकडा मात्र एकच येतो. तो कुणाचा, हे यंत्र सांगत नाही, बघणाऱ्याने ठरवायचं. लेझरचा झोत बारीक असतो, नेमकी एकच गाडी धरतो, पण हात हलला की तोही चुकतो. यंत्र बिचारं आपलं काम करतं हो. तपासायचं आणि बघायचं काम आपलं."

"खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, काका."

"आणि नाही सांगितलं तर त्याची."

सुनावणीच्या खोलीला एकच दार होतं आणि दारात साहेब उभे होते. प्रश्न आला. बसचालक दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसला होता. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"नाही, तपासलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सही आधीच करून ठेवली होती. शेजारी ट्रकही होता. आकडा कुणाचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही."

नोटीस रद्द झाली. बाईंच्या हातात चौकशीचा कागद पडला. बाहेर व्हरांड्यात बसचालक जवळ आला, तेव्हा त्यांना वाटलं, हा आभार मानणार.

"ताई," त्याने विचारलं, "माझ्यासारखे आणखी किती होते?"

 बाई तशाच आत परतल्या आणि वहीतल्या त्या सह्यांच्या दिवसांची प्रत्येक नोटीस पुन्हा तपासावी, असा अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला.

बंधुभगिनींनो, बेफाम गाडी हाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण न केलेल्या कामाखाली आपण सही ठोकतो, तेव्हा कुणाच्या तरी पोटावर पाय देत असतो, आणि तो कोण, हे आपल्याला ठाऊकही नसतं.