माणिकबाईंनी मोटार पारखली

सदतीस सालच्या माघात नागपूरच्या एका मोटार एजन्सीचा माणूस दोन नव्याकोऱ्या गाड्या घेऊन दर्यापूरच्या कापूस बाजारात उतरला. नाव ओमप्रकाश. अंगात कडक कोट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला जांभई द्यायची सवड मिळू नये. एक गाडी लहान होती. पुढे बसायला गादी, मागे उघडा हौदा. दुसरी मोठी मालमोटार. मागे जोडचाकं, आणि बाजूच्या फळ्या कडी काढली की खाली पडायच्या.

"हँडल मारायची झंझट नाही! बटन दाबा, गाडी सुरू! लहानी भाजीपाल्यासाठी, मोठी गाठींसाठी. भरल्या मालानं चढाव चढते, नाला उतरते. म्हणाल ते करून दाखवतो!"

लोकांनी चाकांना बोटं लावून पाहिली, रंग हुंगला आणि ते आपापल्या कापसाकडे वळले. मागे उरल्या फक्त माणिकबाई. वांग्याचं टोपलं कमरेवर तसंच ठेवून त्या मोटारीभोवती फिरत होत्या. नदीकाठी त्यांची भाजीची बाडी होती, आणि अख्ख्या बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायला कोणी सहसा धजत नसे.

"काहो भाऊ, म्हणाल ते म्हणजे काय?"

"काहीही, बाई."

"तेल्हाऱ्याले जाऊन दाखवते?"

"तेल्हाऱ्याले काय, मुंबईले जाते."

"मुंबईत माझं काय काम हाये? तेल्हाऱ्याचं सांगा. उद्या सकाळी, भरल्या गाडीनं. वजन मी देतो."

आसपासचे अडते आता थांबून ऐकू लागले होते. एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? ओमप्रकाशनं छाती पुढे काढली. "दोन्ही गाड्या आणतो!"

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवताच तो बाडीवर हजर झाला. मोठ्या मोटारीवर रामराव ड्रायव्हर होता, लहान गाडी ओमप्रकाश स्वतः चालवत होता. आधी वांग्याची पोती चढली, मग पितळेची घंगाळं, मग एक ट्रंक. तोवर ठीक होतं. त्यानंतर गोठ्याच्या मागून नवी लुगडी नेसलेल्या बाया निघाल्या, फेटे बांधलेले पुरुष निघाले, सनई-डफडेवाले निघाले, आणि सगळ्यांत शेवटी बाशिंग बांधलेला, लाजून मान खाली घातलेला माणिकबाईंचा मुलगा सहदेव.

"बाई, हे काय?"

"वजन."

"हे तर वऱ्हाड आहे!"

"मंग? पोतं गपचूप पडून राह्यते, त्यात तुमच्या गाडीची काय परीक्षा? माणूस हालते, डुलते, भांडते. चाकावरच्या कमानी चांगल्या असल्या तर समजनच." मग त्यांनी बाडीच्या कुंपणाकडे हात केला. तिथे कालचे अडते दात कोरत उभे होते. "नसन झेपत तर तसं सांगा त्याईले. आमी बैलाच्या दमण्या जुपतो."

ओमप्रकाशनं निमूटपणे लहान गाडीचं दार उघडलं आणि नवरदेवाला गादीवर बसवलं.

खरी गोष्ट अशी होती की तेल्हाऱ्याचे वामनराव, म्हणजे नवरीचे वडील, पानमळ्याचे मालक होते. साखरपुड्याला माणिकबाईंची माणसं बैलगाडीनं उशिरा पोचली, तेव्हा वामनरावांनी चारचौघांत म्हटलं होतं, "लग्नात दर्यापूरवाले येतील तवर जेवणं उरकून घेऊ." माणिकबाई ते विसरल्या नव्हत्या.

वाटेत नाला आला. रामरावनं खालचा गिअर टाकला, बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि मोटार घोगऱ्या आवाजात पलीकडे चढून गेली. डफडेवाल्यांनी आनंदानं ठेका धरला. पार्बताबाई नावाची म्हातारी आत्या दर गावाला उतरायचं म्हणे. तिच्यासाठी फळी पाडावी लागे, आणि फळी पडली की गावातली माणसं जमत. ओमप्रकाशला राहवेना, तो तिथेच भाषण सुरू करी. त्याचं संपलं की माणिकबाई सांगत, "बसून पाहा, पोटातलं पाणी हालत नाही." आणि मागे पार्बताबाई ओकत असे.

अकोटच्या पुढच्या थांब्यावर मात्र ओमप्रकाशला हसू फुटलं. "बाई, तुमी आमच्या कंपनीत काहून नाही येत?"

"कोट घालावा लागते ना," त्या म्हणाल्या.

तेल्हाऱ्यात ते इतके लवकर पोचले की मांडवात कोणीच नव्हतं. आचारी चुली पेटवत होते, आणि वामनराव उघड्या अंगानं दात घासत अंगणात उभे होते. दोन मोटारी आणि सनई दारात येताच ते तोंडात राखुंडी असतानाच आत पळाले, आणि बाराबंदी उलटी घालून बाहेर आले.

"इहीणबाई, गाड्या कोणाच्या?"

"घरच्याच समजा. हे आमचे ओमप्रकाशभाऊ."

ओमप्रकाश तोंड उघडणार तोच माणिकबाईंनी वामनरावांना त्याच्या डोक्यावर मानाचा फेटा ठेवायला लावला. मानाचं पान मिळालेला माणूस खरं बोलायला जरा कचरतो. तो फेटा सावरत बसला.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पण वामनरावांचं लक्ष पाहुण्यांत नव्हतं. ते मोटारीभोवती घोटाळत होते. शेवटी त्यांनी ओमप्रकाशला बाजूला घेतलं. "अशी गाडी अकोल्याच्या ठेसनावर पानाचे करंडे घेऊन जाईन काय?"

"जाईल ना. पण लहानी भाजीवाल्यासाठी. तुमच्यासारख्याले मोठी शोभते."

वामनरावांनी तिथल्या तिथे मांडवात जाहीर केलं की आपण मोठी मोटार घेणार. लोकांनी वाहवा केली. तेव्हाच रामराव निरागसपणे बोलून गेला, "घ्याच मालक. कंपनीच्या या नमुन्याच्या गाडीले अजून एकबी गिऱ्हाईक मिळालं नाही."

वामनरावांनी माणिकबाईंकडे पाहिलं. माणिकबाई बर्फीचा तुकडा मोडण्यात गुंतल्या होत्या. अख्ख्या मांडवादेखत दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? मिशा ओढत ते म्हणाले, "इहीणबाई, पुढच्या बारीले तुमी पायी या."

पाठवणीच्या वेळी बाया रडायला उभ्या राहिल्या. नवी नवरी, सुभद्रा, लहान गाडीत पुढे, ओमप्रकाश आणि सहदेवच्या मधे बसली. डोळे पुसता पुसता तिचा हात हॉर्नच्या रबरी फुग्यावर गेला. पों! तिनं दचकून हात काढला, मग पुन्हा दाबला. वेशीपर्यंत ती दाबतच राहिली. आई हुंदके देत होती, पण ते कोणालाच ऐकू गेले नाहीत. सहदेव घाबरून खिडकीबाहेर पाहू लागला.

मागच्या मोठ्या मोटारीतून माणिकबाईंनी हाक मारून गाडी थांबवली. उतरून त्या पुढे आल्या. सुनेनं हात मांडीवर घेतले आणि मान खाली घातली.

"सरक जरा," माणिकबाई म्हणाल्या. "मलेबी वाजवू दे."