ऐकून लिहिलेलं नाव

आइसलँडमधल्या हुसाविक गावात नावापुढे आडनाव नसतं, बापाचं नाव लागतं. उन्नुरच्या नावापुढे 'योन्सदोत्तिर' होतं, म्हणजे योनची मुलगी. गावात योन पुष्कळ होते, पण तिचा बाप त्यातला कोणीच नव्हता. तिचा बाप जॉन मिलर, दुसऱ्या महायुद्धात आलेला अमेरिकन शिपाई; जॉनचं तिकडे योन झालं. आई तेव्हा अकुरेरीला लाँड्रीत कामाला होती. पलटण हलली, जॉन गेला आणि आई पोटातलं पोर घेऊन माहेरी परतली. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. आईनं मुलीला बापाचं नाव आणि ओहायो, एवढंच सांगितलं आणि मरेपर्यंत त्यावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

म्हातारपणी उन्नुर कॉम्प्युटर शिकली ती यासाठीच. वंशावळीच्या साइटवर नाव टाकलं की पानंच्या पानं जॉन मिलर यायचे. ओहायो म्हटलं तरी संपायचे नाहीत. फोटो असला की ती हनुवटी न्याहाळायची. एखादा अगदी आपला वाटायचा, आणि मग कळायचं, हा कधी देश सोडून गेलाच नव्हता. त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

तिची मैत्रीण थोर्दीस गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून विचारायची, "आज कोणाला बाप केलंस गं?"

"हसून घे," उन्नुर म्हणायची. "तुला घरबसल्या मिळाला होता."

उन्हाळ्यात उन्नुर व्हेल दाखवणाऱ्या बोटीवर प्रवाशांना कोको द्यायची. एकदा समुद्र अगदी शांत असताना वाटाड्यानं कप्तानाला ओरडून सांगितलं, "ह्रेब्ना, डावीकडे!" ह्रेब्ना हे तिथल्या एका लहानशा व्हेलचं नाव, आणि उन्नुरच्या आईचंही. लिहिताना त्यात 'फ' असतो, बोलताना त्याचा 'ब' होतो. कठड्याशी उभ्या असलेल्या एका अमेरिकन बाईनं तो शब्द कानावर पडला तसा वहीत उतरवला: रेब्ना. आधीचा 'ह' गायब, 'फ'चा तर पत्ताच नाही.

उन्नुर त्या अक्षरांकडे बघत राहिली. जॉनला तरी इथली भाषा कुठे लिहिता येत होती? आईचं नाव त्यानं फक्त ऐकलं होतं. कधी कुठे लिहिलं असेल, तर असंच लिहिलं असेल.

घरी येऊन तिनं कोटही न काढता टाइप केलं: रेब्ना मिलर, ओहायो.

एकच नोंद आली, जुन्या स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता. जॉन मिलर, सुतार, युद्धकाळात आइसलँडमध्ये नोकरी. मागे दोन मुलगे आणि मुलगी रेब्ना.

तिनं ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. बाप सापडला होता आणि तो या जगात नव्हता, याचं दुःख तिला नंतर झालं. आधी तिला आई आठवली. तो आपल्याला विसरला, असं धरून आईनं सगळा जन्म काढला होता. आता हे तिला सांगायचं तरी कसं?

रेब्नाचा पत्ता मिळवून तिनं एक पत्र आणि आईचा फोटो पाठवला. तीन आठवडे काही आलं नाही. थोर्दीसनंही थट्टा बंद केली. मग एका दुपारी फोन आला.

रेब्नाला रडू आवरत नव्हतं. ती म्हणाली, तिच्या नावावरून शाळेत पोरं चिडवायची. तिनं वडिलांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, चांगल्या माणसाचं नाव आहे. तिच्या आईला त्यांनी सांगितलं होतं, सोबतच्या एका शिपायाच्या आजीचं नाव आहे.

"माझ्याबद्दल त्यांना माहीत होतं का?" उन्नुरनं विचारलं.

"मला नाही माहीत गं," रेब्ना म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

उन्नुरनं खुर्ची ओढून घेतली. ते दिसायचे कसे, बोलायचे कसे, रागीट होते का, असं सगळं तिनं विचारलं. रेब्नानं सांगितलं, लाकूड तासताना ते शीळ घालायचे, आणि बर्फ पडला की घराबाहेर जाऊन एकटेच उभे राहायचे. उन्नुर ऐकत राहिली. गॅसवरचे बटाटे करपले, तरी ती उठली नाही.

मग रेब्ना म्हणाली, "आता तू सांग. ती कशी होती?"

आईबद्दल असं आजवर उन्नुरला कोणी विचारलंच नव्हतं.

"उंच होती," ती म्हणाली. "आणि चालायची फार भराभर. मला मागे धावावं लागायचं."